शेवटून पहिला

स्पर्धेच्या निकालाचा तक्ता मी खालून वर वाचते. सवय जुनी आहे. वरची तीन नावं आपोआप कानावर पडतात. खालच्या नावांसाठी मुद्दाम तक्ता उघडावा लागतो, आणि तिथे नेहमी काहीतरी सापडतं. १९८८ साली कॅनडातल्या कॅल्गरीला झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की जंपिंगच्या दोन वैयक्तिक स्पर्धा होत्या, सत्तर मीटरची आणि नव्वद मीटरची. दोन्हींच्या तळाशी एकच नाव आहे, ग्रेट ब्रिटनचा मायकेल एडवर्ड्स. जग त्याला एडी म्हणून ओळखतं. २०१६ साली डेक्स्टर फ्लेचर या दिग्दर्शकाने त्याच्यावर ‘एडी द ईगल’ नावाचा विनोदी सिनेमा केला. मन खट्टू झालं की मी तो लावते. दर वेळी हसते, दर वेळी एका ठरावीक जागी डोळे भरून येतात, आणि दर वेळी त्याच्याशी माझं एक भांडणही होतं. त्या सगळ्याबद्दल आज लिहायचं आहे.

सिनेमातला छोटा एडी जाड भिंगांचा चष्मा लावतो, त्याच्या पायाला आधाराच्या पट्ट्या आहेत आणि त्याला ऑलिंपिकला जायचं आहे. कुठल्या खेळासाठी जायचं हे अजून ठरलेलं नाही. मला हा भाग फार आवडतो. बहुतेक खेळपटांतल्या मुलाला लहानपणीच आपला खेळ गवसलेला असतो. याला आधी इच्छा झाली आहे, खेळ नंतर शोधायचा आहे. तो न्हाणीघरातल्या टबात श्वास कोंडून बसतो, अंगणात उड्या मारतो, पडतो, चष्मा फोडतो. आई त्याला एक पत्र्याचा डबा देते, पुढे मिळणारी पदकं ठेवायला. त्या डब्यात जमतात ते मोडके चष्मे. आईच्या चेहऱ्यावर थट्टा नाही, कीव नाही. पोराने मागितलं, तिने दिलं, इतकं साधं. अभिनेत्री जो हार्टलीने ही आई इतक्या सहज केली आहे की ती पडद्यावर आली की मला हायसं वाटतं. बाप गिलाव्याची कामं करणारा. मुलाने कामाला यावं, हाताला कसब लागावं, एवढीच त्याची अपेक्षा. तोही दुष्ट नाही. पैसे कुठून येतात हे घरात त्यालाच ठाऊक आहे.

खरा एडवर्ड्स चेल्टनहॅमचा, जन्म १९६३ चा, आणि तोही गिलावा करूनच पोट भरायचा. तो डोंगर-उतारावरचा चांगला स्कीपटू होता आणि १९८४ च्या ऑलिंपिकसाठी ब्रिटिश संघात त्याची निवड थोडक्यात हुकली. पुढे त्या खेळात टिकायचं तर खर्च झेपणारा नव्हता. मग त्याने असा खेळ हेरला ज्यात त्याच्या देशातून दुसरा कुणी नव्हताच. स्की जंपिंगमध्ये ब्रिटनकडून ऑलिंपिकला याआधी कुणी उतरलं होतं ते १९२८ साली. स्वदेशात प्रतिस्पर्धी नाही, पण मग शिकवणारा नाही, उडी मारायला जागा नाही आणि मदत करणारी संस्थाही नाही. कुणी याला पळवाट म्हणेल. मला ती हुशारी वाटते, आणि हिंमतही, कारण पळवाट म्हणून कुणी स्की जंपिंग निवडत नाही.

हा खेळ लांबून पाहताना जे कळत नाही ते सांगायला हवं. मनोऱ्यासारख्या उंच बांधकामाच्या टोकाला एक आडवी दांडी असते. खेळाडू तीवर बसतो, पायांखाली बर्फातल्या दोन खाचा. दांडी सोडली की संपलं, मध्ये थांबायची किंवा वळायची सोय नाही. दोन-तीन श्वासांत वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास जातो. आपल्याला वाटतं की उताराचं टोक वर वळलेलं असेल आणि ते माणसाला हवेत भिरकावत असेल. तसं नसतं. टोकही किंचित खालीच झुकलेलं असतं. उडी माणसानेच मारायची, त्या वेगात, नेमक्या क्षणी, गुडघ्यांतून. क्षण चुकला की उडी आखूड. पुढे फार झुकलं की तोंडावर. हवेत पायांना बांधलेल्या स्कीच्या पट्ट्या आणि शरीर मिळून एक पंख होतो, म्हणून अंगाने हलका असलेला खेळाडू जास्त तरंगतो. एडवर्ड्सचं वजन ८२ किलो होतं, त्याच्या खालोखाल वजनदार असलेल्या खेळाडूपेक्षा नऊ किलोंहून जास्त. त्यात चष्मा. चष्म्यावर गॉगल चढवला की आत वाफ धरायची आणि दिसेनासं व्हायचं. म्हणजे ज्या खेळात क्षण पकडायचा असतो त्यात तो धुक्यातून पकडायचा. गुणही नुसते लांबीचे नसतात. पाच पंच शैली बघतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण सोडून उरलेल्या तिघांचे धरतात. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, हात पसरलेले, अशी ऐट लागते. एडीला उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ होतं.

सिनेमात तो जर्मनीतल्या गार्मिशच्या तळावर जातो. पंधरा मीटरची उडी जमते. मग तो लगेच चाळीसच्या मनोऱ्यावर चढतो आणि असा आपटतो की प्रेक्षागृहात हशा पिकतो. पुन्हा चढतो, पुन्हा आपटतो. दिग्दर्शकाने इथे जे साधलंय त्याला मी मनापासून दाद देते. पहिल्या पडण्याला आपण हसतो. तिसऱ्या-चौथ्या पडण्यापर्यंत हसू चालू असतं, पण ते दुसरीकडे वळलेलं असतं. आता आपण मनोऱ्याकडे बघत असतो आणि हा बाबा परत चढणार का याचा अंदाज बांधत असतो. त्याने पट्ट्या खांद्यावर टाकल्या की बरं वाटतं. विनोद तोच, पडणं तेच, फक्त बघणारे आपण त्याच्या बाजूला सरकलेलो असतो, आणि कधी सरकलो ते आपल्याला कळलेलं नसतं. विनोदी सिनेमाने माणसाची खिल्ली उडवणं सोपं असतं. हा सिनेमा आपल्याला हसत ठेवूनच आपल्याकडून त्या माणसाचा मान राखून घेतो.

त्याचं बरंचसं श्रेय एडी झालेल्या टॅरन एजर्टनला. पुढे काढलेली हनुवटी, चष्म्याआडून बारीक केलेले डोळे, मनातलं सगळं ओठांवर आणणारी जिवणी. नक्कल म्हणून हे दहा मिनिटांत कंटाळवाणं झालं असतं. पण तो एडीला कधीच मूर्ख होऊ देत नाही. लोक आपल्याला हसतायत हे या एडीला पक्कं कळतं, लागतं, आणि तरी त्याचा उत्साह कमी होत नाही. निवड समितीच्या साहेबांसमोर तो उभा असतो तेव्हा त्याची मान थोडी खाली जाते आणि लगेच वर येते. एवढ्याशा हालचालीत त्याने अख्खं बालपण दाखवलंय.

आणि मग नव्वद मीटरची उडी. माझे डोळे भरून येतात ती ही जागा. एडी वर दांडीवर बसलेला. खाली ती घसरण, त्याखाली माणसांचा समुद्र. सिनेमा इथे घाई करत नाही. आपल्याला त्याचा श्वास ऐकू येतो, गॉगलच्या आतली वाफ दिसते, हातमोज्यांनी धरलेली दांडी दिसते. सत्तर मीटरच्या स्पर्धेत तो शेवटचा आला आहे हे आपल्याला माहीत असतं. इथेही शेवटचाच येणार हेही माहीत असतं. तरी हृदय धडधडतं, कारण प्रश्न क्रमांकाचा उरलेलाच नसतो. हा माणूस खाली धड पोचेल का, एवढाच उरतो.

प्रत्यक्षातले आकडे सांगते, कारण त्यांत लपवण्यासारखं काही नाही. सत्तर मीटरच्या स्पर्धेत एडवर्ड्सच्या उड्या ६०.५ आणि ५५ मीटरच्या. सुवर्ण जिंकणाऱ्या फिनलंडच्या मॅटी निकॅनेनने दोन्ही वेळा ८९.५ मीटर गाठले. सत्तर आणि नव्वद ही जुन्या पद्धतीची नावं, मनोरे प्रत्यक्षात त्याहून मोठ्या उड्यांचे होते. नव्वदमध्ये एडवर्ड्स ७१ आणि ६७ मीटर, निकॅनेन ११८.५ आणि १०७. गुण ५७.५ विरुद्ध २२४. शेवटून दुसऱ्या आलेल्या खेळाडूचे गुणही एडवर्ड्सच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे थोडक्यात हुकलं, नशिबाने दगा दिला, असं म्हणायला कुठेच जागा नाही. तो त्या दिवशी तिथला सगळ्यात कच्चा खेळाडू होता, निर्विवाद. सिनेमाने हे बदललं नाही. निकाल आहे तसा ठेवून प्रेक्षकाला खुर्चीतून उठवून टाळ्या वाजवायला लावल्या, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. शेवटच्या क्रमांकापर्यंत पोचायलाही केवढी वाट चालावी लागते, हे आकड्यांतून दिसत नाही. ते दाखवायला कुणीतरी कॅमेरा घेऊन त्या वाटेने चालावं लागतं.

आता भांडण. सिनेमात एडीला ब्रॉन्सन पिअरी नावाचा प्रशिक्षक भेटतो. एकेकाळचा गुणी खेळाडू, आता दारूत बुडालेला, बर्फ सारखं करायचं यंत्र चालवणारा. ह्यू जॅकमनने हे काम झकास केलंय, त्याची आणि एडीची जोडी बघायला मजा येते. पण पिअरी काल्पनिक आहे. आणि त्याच्याबरोबर आलेली उपकथा, जुन्या गुरूचा राग, वाया गेलेली गुणवत्ता, शेवटचा समेट, हे सगळं आपण पुष्कळदा पाहिलेलं आहे. त्या भागात मी पाणी प्यायला उठते.

खरी गोष्ट जास्त चांगली होती, म्हणून मला राग येतो. एडवर्ड्स अमेरिकेत लेक प्लॅसिडला गेला. तिथे जॉन व्हिस्कम आणि चक बर्गहॉर्न या दोघांनी त्याला शिकवलं. साहित्य बर्गहॉर्नचंच वापरायचं होतं आणि बूट इतके मोठे होते की एडी एकावर एक सहा जोड मोजे चढवायचा. पुढे युरोपात स्पर्धा फिरताना हेल्मेट एका देशाच्या संघाने दिलं, पट्ट्या दुसऱ्या देशाच्या. ऑलिंपिकला निवड झाल्याची बातमी त्याला मिळाली तेव्हा तो फिनलंडमध्ये एका मनोरुग्णालयात राहत होता. तो रुग्ण नव्हता, दुसरीकडे राहायला पैसे नव्हते म्हणून. आणि तिथेही गिलाव्याची कामं चालू होती. जरा डोळ्यांसमोर आणा. एका खेळाडूच्या अंगावर वेगवेगळ्या देशांचं सामान, आणि ते देणारे त्याचे प्रतिस्पर्धी. सिनेमात मात्र इतर संघांतले खेळाडू त्याची टवाळी करण्यापुरते येतात. टवाळी झालीही असेल, पण ज्यांनी कपाटातलं हेल्मेट काढून त्याच्या हातात ठेवलं ते पडद्यावर हवे होते. एका गुरूच्या खांद्यावर सगळी कथा टाकली की पटकथा सुटसुटीत होते हे मला कळतं. पण हा माणूस पुष्कळ अनोळखी हातांनी त्या मनोऱ्यावर चढवला होता, आणि ते हात दिसले असते तर सिनेमा आणखी हसरा झाला असता.

एका प्रसंगात मात्र काल्पनिक असूनही सिनेमा खऱ्याच्या जवळ जातो. लिफ्टमध्ये एडी आणि निकॅनेन दोघेच असतात. निकॅनेन त्याला म्हणतो की घड्याळातल्या अकरा आणि एकसारखे आपण आहोत, बाकीच्यांपेक्षा एकमेकांना जवळ. जिंकणं-हरणं इतरांसाठी, आपण मन मोकळं करायला उडी मारतो. पहिल्यांदा मला हा संवाद जरा सजवलेला वाटला होता. नंतर निकॅनेनबद्दल वाचलं. तोही १९६३ चाच, एडवर्ड्सपेक्षा काही महिन्यांनी मोठा. कॅल्गरीत तीन सुवर्णपदकं, एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्ही मनोरे जिंकणारा पहिला खेळाडू. खेळ संपल्यावर दारू, मारामाऱ्या, तुरुंग. २०१९ च्या फेब्रुवारीत तो गेला, ५५ व्या वर्षी. लोकांना त्याच्याकडून अजून एक सुवर्ण हवं होतं, एडीकडून फक्त तो सुखरूप उतरावा एवढंच. हे ओझं कमी-जास्त कसं मोजायचं मला माहीत नाही. पण तेव्हापासून त्या लिफ्टच्या दृश्यात मी एडीकडे न बघता दुसऱ्याकडे बघते.

एडवर्ड्सवर सगळे खूश होते असंही नाही. खेळाची टर उडवतोय असं अनेक जाणकारांना वाटलं. त्यांची बाजू मी झटकून टाकणार नाही. पाचव्या-सहाव्या वर्षापासून उड्या मारणारा एखादा नॉर्वेचा मुलगा, देशातल्या मोजक्या जागांत न बसल्यामुळे घरी टीव्हीसमोर बसलेला, आणि टीव्हीवर जगभरचे कॅमेरे शेवटच्या क्रमांकामागे धावतायत. त्याला काय वाटलं असेल? त्या आठवड्यात कॅल्गरीला वाराही भलता होता, स्पर्धा पुन्हा पुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा हवेत कच्चा खेळाडू वर पाठवणं धोक्याचं, हेही खरं. पुढे १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नियम केला की ऑलिंपिकला यायचं तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पहिल्या तीस टक्क्यांत किंवा पहिल्या पन्नासांत यावं लागेल, यांतला जो आकडा लहान असेल तो. लोक त्याला एडीचाच नियम म्हणतात. जिवाच्या सुरक्षिततेसाठी काही किमान पात्रता हवी, हे मला मान्य आहे. तीस टक्क्यांची मेख मान्य नाही. ज्या देशात बर्फ नाही, मनोरा नाही, पैसा नाही, तिथला पहिला माणूस पहिल्या तीस टक्क्यांत येणार कसा? कुठल्याही देशाचा पहिला माणूस बहुतेक वेळा खालूनच सुरुवात करतो.

त्याच कॅल्गरीत जमैकाचा बॉबस्ले, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा, संघ होता, बर्फ न पडणाऱ्या बेटावरचा. त्यांच्यावरही विनोदी सिनेमा आला, १९९३ साली, ‘कूल रनिंग्ज’. त्यात उलटलेली गाडी खेळाडू खांद्यावर उचलून शेवटच्या रेषेपलीकडे नेतात. प्रत्यक्षात ते गाडीच्या बाजूने चालत गेले. मला चालत जाणंच जास्त भावतं. आणि सिनेमा संपल्यानंतरची गोष्ट त्याहून. १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये जमैकाचा चौघांचा संघ चौदावा आला, अमेरिकेच्या संघाच्याही पुढे. सहा वर्षांत, खालून.

एडवर्ड्सला अशी सहा वर्षं मिळाली नाहीत. कॅल्गरीच्या समारोपात आयोजन समितीचे अध्यक्ष फ्रँक किंग यांनी भाषणात गरुडासारखं झेपावणाऱ्यांचा उल्लेख केला आणि सगळं मैदान त्याच्या नावाने गर्जलं. सिनेमा त्यानंतर लवकरच संपतो. विमानतळावर गर्दी, आणि गर्दीत बाप, अंगात एडीचा बाप असल्याचं सांगणारा स्वेटर. बाप एवढंच करतो, बोलत फारसं नाही. शेवट गोड आहे आणि मला तो हवाच आहे. पण १९८८ नंतर खरा एडवर्ड्स थांबला नाही. १९९२ च्या ऑलिंपिकसाठी त्याने प्रयत्न केला, पात्र ठरला नाही. १९९४, नाही. १९९८, नाही. मधल्या काळात प्रसिद्धीचा पैसा आला आणि गेला, १९९२ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे तो लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात कायदा शिकला, २००३ मध्ये पदवी घेतली. हाताला गिलाव्याचं कसब होतं, तेही कामी आलं.

या दहा वर्षांवर कुणी सिनेमा करावा असं मला फार वाटतं. त्यात मैदानभर गर्जना नसेल, कॅमेरे नसतील, नवा नियम असेल आणि तिशीकडे झुकलेला, पुढे तिशी ओलांडलेला एक जड अंगाचा माणूस असेल, जो आता विनोद म्हणून कुणालाच नको आहे आणि तरी उन्हाळ्यात काम करून हिवाळ्याचे पैसे साठवतोय. एजर्टनच करू शकेल ते काम. आणि या वेळी मधल्या दोन ओळी हेल्मेट देणाऱ्यालाही मिळाव्यात.